नाव आणि आजार एका ओळीत लिहून फिरवू नका : विदर्भातल्या जिल्हाधिकाऱ्यांना एका आशाताईचं खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी आणि
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद,
विदर्भातील अकराही जिल्हे

विषय : घरोघरी गोळा होणाऱ्या आरोग्यविषयक व खासगी माहितीच्या गोपनीयतेबाबत लेखी आदेश काढणेबाबत

महोदय, महोदया,

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला, एका गावात आशा स्वयंसेविका आहे. गावठाण, नाल्याकाठची वस्ती आणि टेकडीपलीकडचं कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची छोटी वस्ती, हे माझं क्षेत्र. गावाचं आणि माझं नाव मी मुद्दामच लिहिलेलं नाही. पुढे मी एका मुलीबद्दल आणि एका शेतकऱ्याबद्दल लिहिणार आहे. माझं नाव छापलं की गाव कळेल, गाव कळलं की पोड कळेल, आणि पोडावर घरं किती असतात ते आपण दौऱ्यात पाहिलंच असेल.

मागणी आधीच सांगते, म्हणजे पत्र अर्ध्यावर बाजूला ठेवलं गेलं तरी ती आपल्यापर्यंत पोचलेली असेल. कोणत्याही माणसाचं नाव आणि त्याचा आजार एकत्र लिहिलेली यादी किंवा रजिस्टरच्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही आणि मागायचाही नाही, असा लेखी आदेश आपल्या सहीने निघावा. आणि गावातून गोळा होणाऱ्या माहितीसाठी प्रत्येक तालुक्यात एक अधिकारी जबाबदार धरावा, ज्याचं नाव व फोन नंबर उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिलेला असेल.

आम्ही घरात जाऊन काय काय विचारतो ते आपण एकदा सलग वाचावं. पाळी कधी चुकली. याआधी बाळंतपणं किती, पोटात किती गेली, जन्मून किती गेली. पाळणा लांबवायला काय वापरता. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, कर्करोगाचा धोका ओळखायची प्रश्नावली, भरायचा असतो. त्यात तंबाखू, दारू आणि कंबरेच्या घेरापासून सुरुवात होते आणि छातीत गाठ लागते का, पाळी गेल्यावर रक्त जातं का, अंगावरून वास येणारं पाणी जातं का, इथपर्यंत प्रश्न जातात. क्षयरोगाच्या मोहिमेत खोकला आणि थुंकी. कुष्ठरोगाच्या मोहिमेत अंगावरचा बधिर चट्टा. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीच्या प्रेरणा प्रकल्पाच्या सर्वेक्षणात झोप लागते का, मन उदास राहतं का, जगणं नकोसं वाटतं का. मग त्याच घरात आधार, बँकेचं पासबुक, मोबाईल नंबर, आयुष्मान कार्डासाठी चेहऱ्याचा फोटो, ‘आभा’ या डिजिटल आरोग्य खात्याचा १४ आकडी नंबर. शेतकरी ओळख क्रमांकही बहुतेकांनी याच मोबाईल नंबरवर काढलेला असतो. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो सक्तीचाच आहे. म्हणजे ज्या नंबरवर जमिनीचा गट नंबर बांधलेला आहे, त्याच नंबरवर गर्भपाताची नोंदही बांधलेली आहे.

हे प्रश्न विचारूच नयेत असं मी म्हणत नाही. वेळेत गाठ दाखवली म्हणून वाचलेली बाई माझ्या क्षेत्रात आहे. पण बाया मला हे का सांगतात, ते लक्षात घ्या. रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा १०८ला फोन लावून गाडीत त्यांच्या सोबत बसलेली मी असते. नवऱ्याला, सासूला न सांगितलेलं त्या मला सांगतात, आणि सांगून झालं की हात धरून म्हणतात, “ताई, कोणाले सांगू नोको वो.” मी हो म्हणते. तो शब्द पाळणं माझ्या एकटीच्या हातात राहिलेलं नाही, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज येतो, ‘आजचे काम तात्काळ टाकावे, निरंक असल्यास निरंक कळवावे.’ मग जिथे रेंज सापडेल तिथे उभं राहून ज्या त्या आशाने रजिस्टरच्या पानाचा फोटो टाकायचा. माहिती एका ओळीची हवी असते, पण फोटोत पान अख्खं येतं. नाव, नवऱ्याचं नाव, वय, प्रवर्ग, मोबाईल, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘एएस’ (म्हणजे सिकलसेलचा वाहक), ‘टीबी औषध सुरू’, ‘दारूचे व्यसन’, ‘दुसरा गर्भपात’. पानाच्या कडेला ते दाबून धरलेला आमचा अंगठासुद्धा दिसतो.

हा फोटो पाहणारे कोण? डॉक्टर, सिस्टर आणि गटप्रवर्तक ताई ग्रुपमध्ये असायलाच हव्यात. पण बदली होऊन गेलेले कर्मचारी, कंत्राट संपलेला डाटा ऑपरेटर, कधीकाळी एखाद्या शिबिरासाठी जोडलेले गावपुढारी हेही तिथेच असतात. त्यांना काढायचं कुणाच्या लक्षात येत नाही. काही घरांत फोन एकच असतो. तो दिवसा आशाकडे आणि रात्री तिच्या नवऱ्याकडे किंवा पोरांकडे असतो. ग्रुपवर आलेला फोटो बहुतेकांच्या गॅलरीत आपोआप उतरतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. पुढे तो फोन बिघडतो, दुकानात उघडा पडतो, जुना म्हणून विकला जातो. राजधानीतल्या सर्व्हरला किती कुलुपं आहेत हे मला ठाऊक नाही. गावातल्या फोनला एकही नाही, हे मी रोज बघते.

आता त्या मुलीबद्दल सांगते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन, हे त्याचं उद्दिष्ट. आईबापाकडून येणारा हा रक्ताचा आजार विदर्भाला नवा नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि आमचं यवतमाळ, सगळीकडे तो आहे. थंडी वाढली की हातपाय धरून रात्रभर कण्हणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यामुळे तपासणीसाठी पोड पालथं घालायला मला कुणी सांगावं लागत नाही.

तपासणीत ‘एएस’ आलं तर तो माणूस वाहक. त्याला आजार नसतो, तो शेतात राबतो, धावतो, त्याचं रोजचं आयुष्य इतरांसारखंच चालतं. ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. दोघांतलं एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचं रक्त निर्दोष असेल, तर बाळाला एसएस होत नाही. हे चार वाक्यांत लिहिता येतं, पण घाबरलेल्या आईबापाला समजवायला अख्खी दुपार लागते. म्हणूनच समुपदेशन असतं, आणि ते दार लावून, ज्याचं त्याच्याशी करायचं असतं.

आमच्याकडे शिबिरानंतर पाठपुराव्यासाठी म्हणून एक पीडीएफ फिरली. नाव, वडिलांचं नाव, वय, गाव, मोबाईल आणि शेवटच्या रकान्यात एएस किंवा एसएस. ती पहिल्यांदा कुणी पुढे पाठवली हे सांगता येत नाही, कारण ती कुणाच्या ताब्यात असायला हवी होती हेच कुठे लिहिलेलं नव्हतं. कापूस घरात येऊन गेला की आमच्याकडे सोयरिकींचे दिवस सुरू होतात. त्या मुलीला पाहुणे पाहून गेले होते, साखरपुड्याची तारीख काढायचं चाललं होतं. मुलाच्या मामाच्या फोनवर ती यादी पोचली. निरोप आला की पोरीच्या रक्तात खोट आहे.

मुलगी एएस आहे. तिला काहीही झालेलं नाही. मुलाच्या गावच्या आशाला सोबत घेऊन मी त्या घरी गेले, वर लिहिलेलं सगळं समजावून सांगितलं. बोलता बोलता कळलं की मुलाची तपासणीच झालेली नाही. त्याचं रक्त काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि जाणून घ्यायची कुणाला गरजही वाटत नव्हती. सोयरीक मोडली ती मोडलीच. जिने तपासून घेतलं तिच्यावर शिक्का बसला आणि जो शिबिराला फिरकलाच नाही तो निर्दोष ठरला. मुलीच्या आईने मला एवढंच विचारलं, “ताई, आमी त तुलेच बोट देलं होतं ना टोचाले? मंग हे अख्ख्या गावाले कसं मालूम झालं?”

त्यानंतरच्या शिबिराला पोडावरच्या लग्नाच्या वयाच्या मुली आल्या नाहीत. आयांनी घरातच ठेवल्या. साहेब, २०४७चं उद्दिष्ट ज्या मुलींच्या तपासणीवर उभं आहे, त्या मुलीच आता दारामागे लपतात. गोपनीयता म्हटलं की वरच्या बैठकांमध्ये ती शहरी लोकांची चैन असल्यासारखं बोललं जातं, असा माझा अनुभव आहे. पण आमच्याकडे एक यादी फुटली की एका मुलीचं लग्न मोडतं आणि पुढचं शिबिर ओस पडतं. आरोग्य खात्याचंच काम त्याने बसतं.

क्षयरोगाचंही तसंच. निक्षय मित्र योजना सप्टेंबर २०२२ मध्ये आली. कुणीतरी दाता पुढे येतो आणि रुग्णाला पोषण आहाराचं किट देतो. औषधासोबत पोटात अन्न हवं, योजना चांगली आहे, आणि रुग्णाची संमती घ्यायची असं तिच्यात सांगितलेलंही आहे. पण किट देताना फोटो काढला जातो. दाता, पदाधिकारी, आणि मध्ये पिशवी धरून उभा असलेला रुग्ण. तासाभरात तो तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर जातो. ज्याला डाळ-तांदळाची गरज आहे तो “फोटो नको” कसं म्हणेल? सून असेल तर तिचं ताट वेगळं होतं. मजूर असेल तर सोबतचे एका मडक्यातलं पाणी पीत नाहीत.

आणि प्रेरणा प्रकल्प. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी तो सुरू झाला. आशा घरोघर जाऊन विचारणार, कुणाचं मन खचलंय हे ओळखणार, त्याला डॉक्टरपर्यंत नेणार. या कामाची मला फार आस्था आहे. एक शेतकरी बराच वेळ काही बोलला नाही, मग कपाशीच्या ढिगाकडे बघत बोलायला लागला आणि बोलतच राहिला. मी त्याला दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू झाल्या, सुधारत होता. पेरणीच्या तोंडावर तो कृषी केंद्रात उधारीवर बियाणं आणायला गेला. दुकानदार म्हणाला, तुमची तब्येत बरी नाही म्हणतात, या वर्षी रोख द्या. त्याच्या तब्येतीची बातमी दुकानापर्यंत कुणी पोचवली हे मी शोधू शकले नाही. पण ज्या माणसाला आपण जगायला हात द्यायला निघालो होतो, त्याच्या पेरणीच्या वाटेत आपल्याच सर्व्हेची माहिती आडवी आली असेल, तर ही बाब साधी समजू नका. मनाच्या आजाराबाबत तर कायदा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. एचआयव्ही बाधितांसाठीही २०१७ चा वेगळा कायदा आहे. सिकलसेलच्या मुलीसाठी, टीबीच्या मजुरासाठी असा वेगळा कायदा माझ्या वाचनात नाही.

‘आता देशात डाटा संरक्षणाचा कायदा आला आहे, तो सगळं बघेल’, असं मला एका बैठकीत सांगण्यात आलं. म्हणून तो कायदा मी मिळवून वाचला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डाटा संरक्षण कायदा झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. आणि त्यातली मुख्य बंधनं, म्हणजे माहिती घेताना सूचना द्यायची, ती सांभाळायची, फुटली तर ज्याची त्याला कळवायचं, ही नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत.

लागू झाल्यावरही आमच्या पोडापर्यंत किती पोचेल? कलम ७ प्रमाणे अनुदान, लाभ, सेवा, दाखला, परवाना देण्यासाठी सरकारला नागरिकाची वेगळी संमती न घेता माहिती वापरता येते. गावात सरकारशी येणारा संबंध बहुतेक याच कारणांचा असतो. काम झाल्यावर माहिती खोडायचं जे बंधन कंपन्यांवर आहे ते कलम १७ ने सरकारवरून काढून घेतलं आहे. केंद्र सरकार ज्या सरकारी संस्थांची नावं अधिसूचित करेल त्यांना तर जवळजवळ पूर्ण सूट मिळू शकते. आधीच्या मसुद्यांमध्ये आरोग्याची माहिती संवेदनशील म्हणून वेगळी काढली होती. या कायद्यात तो वर्गच नाही. सिकलसेलचा अहवाल आणि मोबाईल नंबर त्याच्या लेखी सारखेच. कागदावरची माहिती तर त्याच्या कक्षेतच येत नाही, ती डिजिटल होईपर्यंत. आमची रजिस्टरं, आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे, शिबिरात भरलेले फॉर्म, सगळं बाहेर. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, पण तो सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्या मुलीची सोयरीक मोडली तिला त्यातला रुपया नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असं ठरलं तर तक्रार करणाऱ्यालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे वाचून आमच्यातली कोणती बाई तक्रार करायला धजेल?

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत मिळाली पाहिजे, असं हा कायदा म्हणतो. मराठी त्या यादीत आहे. गोंडी नाही आणि कोलामीही नाही. ज्या समाजाचं रक्त आपण सगळ्यात जास्त तपासतो, त्याच्या भाषेत संमती विचारायची सोयच कायद्याने ठेवलेली नाही.

पण त्याच नियमांमध्ये आपल्या उपयोगाचं एक पानही आहे. दुसऱ्या अनुसूचीत सरकारी यंत्रणेने लाभ देताना काय पाळायचं ते लिहिलं आहे. कामापुरतीच माहिती घ्यायची, त्याच कामासाठी वापरायची, गरज असेल तोवरच ठेवायची, सांभाळायची, आणि नागरिकाच्या प्रश्नांना उत्तर देणाऱ्या माणसाचा संपर्क द्यायचा. हे अंमलात आणायला मे २०२७ ची वाट बघण्याचं कारण मला दिसत नाही. आपल्याला आजच आदेश काढण्यापासून कुठलाही कायदा अडवत नाही.

माहिती फुटली तर पुढे काय होतं हे देशाने पाहिलेलं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या दवाखान्याचं काम कित्येक दिवस कागदावर चालवावं लागलं. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवर मोबाईल नंबर टाकला की कोविडची लस घेतलेल्याची माहिती दिसते अशा बातम्या आल्या. कोविन पोर्टल सुरक्षित आहे असं मंत्रालयाने सांगितलं, नंतर बिहारमधून अटकही झाली. त्या लसीसाठी लोकांना घराबाहेर काढायला आम्हीच गेलो होतो. तेलंगणात २०१८ मध्ये जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठे उतरवून त्यांच्या नकली ठशांवर सिमकार्डं काढल्याचं उघडकीस आलं. पुढे दस्तांवरच्या अशाच ठशांनी आधारवर पैसे काढण्याच्या यंत्रातून लोकांची खाती साफ झाली. बोटांचे ठसे चोरीला गेले तर पासवर्डसारखे बदलता येत नाहीत. आमच्या गावात बँक नाही. म्हातारी माणसं निराधारचे पैसे त्याच यंत्रावर अंगठा लावून काढतात.

हल्ली बायांना फोन येतात, “ताई, तुमचा मातृवंदनेचा हप्ता अडकला आहे, ओटीपी सांगा.” बोलणाऱ्याला योजनेचं नाव माहीत असतं, बाळाचा महिना माहीत असतो, कधी नवऱ्याचं नावही. मी प्रत्येक घरी सांगते की ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. पण समोरच्याला सगळं आधीच ठाऊक असल्यावर त्या बाईने तो माणूस सरकारी नाही हे ओळखायचं कसं?

माझ्या मागणीचा भलता अर्थ काढला जाऊ नये म्हणून हेही लिहिते. गोपनीयतेच्या नावाखाली सरकारचा कारभार झाकावा, असं मला म्हणायचं नाही. डाटा कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं आहे. आधी व्यक्तिगत माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होते, हे बघावं लागत होतं. आता ‘व्यक्तिगत माहिती’ एवढंच कारण पुरतं. हा बदल मात्र १८ महिने न थांबता लगेच लागू केला. रोजगार हमीच्या मस्टरवर कुणाची नावं आहेत, घरकुल कुणाला मिळालं, विहिरीचं अनुदान कुणी उचललं, हे गावाला कळलंच पाहिजे. तिथे सरकारी पैसा आहे. कोणत्या मुलीच्या रक्तात काय आहे हे गावाला कळायचं काहीही कारण नाही. कलम ८(२) अजून शाबूत आहे आणि लोकहित मोठं असेल तर माहिती देण्याचा अधिकार त्याने आपल्याला दिलेला आहे. तो वापरा. मस्टर उघडं ठेवा आणि सिकलसेलची यादी कुलपात ठेवा. आज माझ्या गावात नेमकं उलटं चाललं आहे.

आदेशात काय असावं हे वर लिहिलं आहे, त्यात थोडी भर घालते. अहवालाला नाव लागतच नाही. गरोदर मातेला आरसीएच क्रमांक असतो, टीबीच्या रुग्णाला निक्षय क्रमांक असतो. वर आकडे पाठवायचे तर आकडेच पाठवू, आणि एखाद्याच्या मागे लागायचं असेल तर तो क्रमांक सिस्टरला फोनवर सांगू. सिकलसेलचं कार्ड समुपदेशन करून ज्याचं त्याच्या हातात द्यावं, ग्रामपंचायतीत किंवा शाळेत गठ्ठ्याने वाटायला देऊ नये. रुग्णाचा चेहरा दिसेल असा फोटो कुठल्याही कार्यक्रमात काढायला बंदी असावी, मग दाता कितीही मोठा असो. जुनी रजिस्टरं आणि झेरॉक्स ठेवायला उपकेंद्राला कुलपाचं कपाट द्यावं, आणि मुदत संपल्यावर ती दोन साक्षीदारांसमोर जाळावीत. रद्दीत जाऊ देऊ नयेत. माहिती भरायला ज्या खासगी एजन्सीला कंत्राट देता तिच्या माणसांकडून गोपनीयतेचं हमीपत्र घ्या, आणि कंत्राट संपलं त्याच दिवशी त्यांचं लॉगिन बंद करा. प्रत्येक सर्व्हेत ‘सांगायचे नाही’ असा एक रकाना ठेवा, आणि तो भरणाऱ्याचा कुठलाही लाभ अडणार नाही हे त्याच फॉर्मवर छापा.

आणि आदेश काढताना सगळा दोष आशांच्या माथी मारू नका, ही हात जोडून विनंती. फोटो टाकला नाही तर ‘काम निरंक’ लागतं, निरंक लागलं की मोबदला कापला जातो. मागणारा वर बसलेला असताना देणारीला नोटीस काढून उपयोग होणार नाही. आधी मागणं बंद व्हायला हवं. माहिती ठेवायला सुरक्षित साधन द्या, ते वापरायला शिकवा, मग चुकलो तर जरूर जाब विचारा. त्या जाबाला आम्ही घाबरत नाही. गावात आमच्यावर जो विश्वास आहे त्यावरच आमचं काम चालतं, तो जपायची घाई आपल्यापेक्षा आम्हालाच जास्त आहे.

मला स्वतंत्र उत्तर पाठवू नये, त्यासाठी माझं नाव शोधायला कुणाला लावूही नये. परिपत्रक काढा आणि ते मराठीत, मोठ्या अक्षरात, प्रत्येक उपकेंद्राच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लावायला सांगा. त्यावर तालुक्याच्या जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर असू द्या. पोडावर ते कोलामीत वाचून सांगायला तिथलीच अंगणवाडी मदतनीस तयार आहे, मी तिच्याशी बोलले आहे.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
जि. यवतमाळ